कार्बोरेटर बदलताना

(मंडळाच्या गणेशोत्सवात, बडोद्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कालच्या संध्याकाळी इथे नाट्यसंगीत झालं, उद्या कीर्तन आहे, आणि मधल्या दिवशी आमचा विषय 'जुन्या स्कूटरचा कार्बोरेटर'. पत्रिका वाचून शेजारच्या काकूंनी विचारलं, "अरे, हे बाप्पापुढे सांगायचं का?" आम्ही म्हटलं, काकू, बाप्पाला वाहन लागतं तसं आपल्यालाही लागतं. त्याचा उंदीर पेट्रोल पीत नाही, एवढाच फरक.

आणखी एक खुलासा. माइकपुढे एकच जण उभा असला तरी हे काम आम्ही दोघा भावांनी मिळून केलं आणि त्यातल्या चुकाही मिळूनच केल्या. म्हणून बोलताना 'आम्ही' म्हणणार आहोत. तो मोठेपणा समजू नये.

गाडी आहे बजाज चेतक. घेतली १९९० साली, आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी. चेतक बाजारात आली १९७२ साली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं, अंग इटलीच्या व्हेस्पाच्या वंशातलं, आणि जन्म पुण्याजवळ आकुर्डीचा. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिलेली माणसं या सभागृहात नक्की असतील. अण्णांनी त्या गाडीवरून दांडिया बाजार ते मकरपुरा अशी नोकरी केली. पुढे उभा धाकटा, मागे आई, आईच्या आणि अण्णांच्या मध्ये थोरला, आणि डिकीत भाजी. असे आम्ही चौघे त्या १४५ सीसीच्या इंजिनावर कमाटीबागेत जात होतो. असं वागणं आज कायद्यात बसत नाही, तेव्हाही बसत नव्हतं.

आता मुद्द्याचं. परवाच्या नव्हे, त्याआधीच्या दिवाळीनंतर अण्णा आणि आई स्टेशनकडून घरी येत होते. काळा घोडा सोडून विश्वामित्रीच्या पुलावर आल्यावर अण्णांनी रेस कमी केली, तर इंजिनची रेस कमी होईना. मूठ पूर्ण बंद, आणि गाडी आपली पुढे ओढतेच आहे. क्लच दाबला तर इंजिन मोकळं होऊन किंचाळायला लागलं. स्विच बंद केला, तरी थांबेना. फार तापलेलं टू स्ट्रोक इंजिन कधी कधी ठिणगीशिवायही पेटत राहतं, कारण प्लगचं टोकच निखाऱ्यासारखं झालेलं असतं. पुलावर गर्दी, मागे आई. अण्णांनी काय केलं? डाव्या हाताने क्लच धरला, पायाने ब्रेक दाबला, आणि उजवा हात सीटखाली घालून चोक ओढला. चोक ओढला की इंजिनात भसकन जास्त पेट्रोल जातं, मिश्रण इतकं दाट होतं की आग गुदमरते. इंजिन दोन आचके देऊन थांबलं. दोघांनी गाडी ढकलत कडेला घेतली. त्या वेळी अण्णांचं वय होतं ७८.

त्या दिवशी घरात कोणी अण्णांना शाबासकी दिली नाही. आम्ही तर नाहीच. आम्ही ठरवलं की आता पुरे. या वयात स्कूटर नको. पण हे अण्णांच्या तोंडावर म्हणायचं धैर्य आमच्यात नव्हतं. मग आम्ही सोपा मार्ग काढला. म्हटलं, "अण्णा, कार्बोरेटर गेलाय. आता हा पार्ट मिळत नाही. शोधतो आहोत." गाडीवर कापड टाकलं, आणि आठ महिने आम्ही शोधत राहिलो.

खरं सांगायचं तर पार्ट आम्हाला पंधरा दिवसांत मिळाला होता. आणून कपाटात, वरच्या फळीवर, जुन्या पंचांगांच्या मागे ठेवला होता.

ती गोष्ट पुढे सांगतो. आधी हा कार्बोरेटर करतो काय ते पाहू, म्हणजे पुलावर काय झालं ते कळेल.

पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही. ते हवेत मिसळावं लागतं, आणि हवा थोडीथोडकी लागत नाही. वजनाने मोजलं तर एक भाग पेट्रोलला साधारण पावणेपंधरा भाग हवा. म्हणजे एक लिटर पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे ९ हजार लिटर हवा. आपल्या घरातल्या लहानशा खोलीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी. एवढ्या हवेत एवढंसं पेट्रोल योग्य मापाने मिसळून देणारी, विजेशिवाय चालणारी ही मुठीएवढी वस्तू. हवा अरुंद नळीतून जाते तेव्हा तिचा वेग वाढतो आणि तिथला दाब कमी होतो. त्या कमी दाबामुळे खालच्या कुंडीतलं पेट्रोल बारीक भोकातून वर ओढलं जातं आणि तुषार होऊन हवेत मिसळतं. त्या भोकाच्या पितळी पेचाला जेट म्हणतात. कुंडीतलं पेट्रोल एका पातळीला ठेवायला आत तरंगणारा फ्लोट असतो, संडासच्या टाकीत असतो तसा. पातळी भरली की फ्लोट वर येतो आणि टोकदार निडल पेट्रोलची वाट बंद करते. आणि आपण मूठ फिरवतो तेव्हा तारेने एक पत्र्यासारखी स्लाइड वर सरकते आणि हवेची वाट मोठी होते. मूठ सोडली की स्प्रिंग ती स्लाइड खाली ढकलते. सगळा खेळ एवढाच.

आता यात झिजतं काय? पहिली स्लाइड. वर्षानुवर्षं एकाच खाचेत वरखाली होऊन तिच्या कडा आणि खाच दोन्ही झिजतात. मग मूठ बंद असतानाही बाजूने हवा आत शिरते आणि गाडीचा स्लो लागत नाही. दुसरी निडल. तिच्या टोकावर गोल खाच पडली की पेट्रोल बंद होत नाही. सकाळी गाडीखाली ओला डाग आणि घरभर वास. तिसरी गोष्ट म्हणजे कार्बोरेटरचा तळ, जो इंजिनवर बसतो. तो मऊ धातूचा असतो. तो वाकला की त्याच्या आणि इंजिनच्या मधून चोरवाटेने हवा जाते. चोरवाटेने हवा गेली की मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रण जास्त गरम जळतं, रेस आपोआप वाढते, आणि फार झालं तर पिस्टन जाम होतो. टू स्ट्रोकमध्ये तेलही पेट्रोलमधूनच जातं, लिटरला २० मिली. पेट्रोल कमी गेलं की तेलही कमी गेलं, हे लक्षात ठेवावं.

आपल्या सगळ्यांच्या ओळखीची एक रीतही सांगून टाकतो. चेतक चालू होत नसली की आपण ती डावीकडे तिरकी करायचो, दहा आकडे मोजायचे आणि मग कीक. पुण्याचे पाहुणे हसायचे, पण पुण्यातही सगळे हेच करत होते. तिरकी केल्याने टाकीच्या कोपऱ्यात राहिलेलं पेट्रोल नळाकडे येतं आणि चिकटलेला फ्लोट हलतो. म्हणजे त्या रीतीत तथ्य आहे. पण रोज तिरकी करावी लागत असेल तर गाडी आपल्याला काहीतरी सांगते आहे.

आता कपाटाकडे येऊ.

गेल्या आषाढात, एकादशीच्या आदल्या दिवशी, अण्णा जुनं पंचांग शोधत होते. संध्याकाळी आम्ही कचेरीतून आलो तर टेबलावर चहाच्या कपाशेजारी तो खोका. उघडलेला. अण्णा वर्तमानपत्र वाचत होते. वर न बघता म्हणाले, "पार्ट मिळाला वाटतं."

आमच्या तोंडून शब्द फुटेना. आई आतून म्हणाली, "बिलावर तारीख आहे रे, बाबांनो."

अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "मला गाडी चालवू द्यायची नाही, हे तुम्ही म्हणू शकला असता. मी भांडलो असतो, पण ऐकलं असतं. गाडी बिघडलेली ठेवायची कशाला? तिने काय केलंय?"

येत्या रविवारी कार्बोरेटर बसवायचा, एवढं ठरलं. गाडी कोणी चालवायची ते ठरलं नाही.

रविवारी सकाळी ओट्यावर गाडी काढली. हे काम मोकळ्या हवेत करावं. जवळ देवघर नको, उदबत्ती नको, गॅस नको. आधी टाकीतलं आठ महिन्यांचं पेट्रोल काढून टाकलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. २०२५ सालापर्यंत त्याचं प्रमाण २० टक्क्यांवर गेलं आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि रबरी टोकाच्या निडल त्याच्यासाठी बनलेल्या नाहीत. उभ्या गाडीच्या कुंडीत पेट्रोल सुकलं की मागे लाखेसारखा थर राहतो आणि तो जेटमध्ये जाऊन बसतो. म्हणून गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर पेट्रोलचा नळ बंद करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावं. कुंडी रिकामी होते.

मग उजव्या बाजूचं साइड कव्हर काढलं. कार्बोरेटर त्याच्या आत एका पत्र्याच्या पेटीत बसलेला असतो. पेटीचं झाकण, एअर फिल्टर, पेट्रोलचा पाइप, रेसची तार, चोकची तार, या क्रमाने सोडलं. प्रत्येक टप्प्याला मोबाइलने फोटो काढला. पूर्वी आम्ही कागदावर चित्र काढत होतो. धाकट्याने म्हटलं, "डिसमिस दे." आपण बडोद्याचे लोक स्क्रू ड्रायव्हरला डिसमिस म्हणतो, आणि पुण्यातला आतेभाऊ त्यावरून अजून चिडवतो.

शेवटी कार्बोरेटर इंजिनवर धरून ठेवणारे दोन लांब बोल्ट. ते सोडले, कार्बोरेटर उचलला, आणि लगेच खालच्या भोकात स्वच्छ फडक्याचा बोळा घातला. हे विसरू नये. ते भोक सरळ इंजिनच्या पोटात, क्रँकपर्यंत जातं. एखादा वायसर आत पडला तर कार्बोरेटरचं काम राहील बाजूला आणि इंजिन खोलावं लागेल.

अण्णा स्टुलावर बसून बघत होते. त्यांनी जुना कार्बोरेटर हातात घेतला, पालथा केला, आणि आईला म्हणाले, "मुलांची ती स्टीलची पट्टी आण." पट्टीची धार तळावर उभी धरली आणि उजेडाकडे केली. पट्टीच्या दोन्ही टोकांना धातू टेकलेला, आणि मधून सरळ उजेड दिसत होता. तळ वाकून कमान झाली होती. मग त्यांनी स्लाइड बोटाने हलवली. मोकळी होती. ते म्हणाले, "आता मोकळी आहे. बोल्ट आवळल्यावर बघा." आम्ही तोच कार्बोरेटर परत ठेवून, पूर्वी आवळत होतो तेवढे बोल्ट आवळले. स्लाइड वर गेली आणि वरच राहिली. स्प्रिंगने खाली येईना.

पुलावर जे झालं ते हेच. बोल्ट इतके आवळलेले की कार्बोरेटरचं अंगच दाबलं गेलं, आणि स्लाइडची खाच आकसली. इंजिन तापलं, धातू फुगला, आणि स्लाइड अडकली. वरून वाकलेल्या तळातून चोरटी हवा. दोन्ही एकाच वेळी.

अण्णांनी विचारलं, "हे कोणी आवळलं?"

गॅरेजवाल्याचं नाव घेता आलं असतं. पण गॅरेजवाल्याने ते केलं नव्हतं. सहा-सात वर्षांपूर्वी कार्बोरेटरच्या खालून पेट्रोल पाझरायचं. आम्ही पाना घेतला आणि आवळलं. चार महिने बरं गेलं. पुन्हा पाझरलं, पुन्हा आवळलं. शेवटी पान्याला पाइप लावून आवळलं. आमच्यातल्या एकाकडे यंत्र शाखेचा डिप्लोमा आहे, हे सांगायला आज लाज वाटते. मुळात दोष होता खालच्या पॅकिंगचा. ते कडक होऊन तडकलं होतं. कागदाएवढी जाड आणि अगदी किरकोळ किमतीची वस्तू. ती बदलायची सोडून आम्ही वरून जोर लावत राहिलो. आणि त्याच गाडीवर आई-वडील बसून पुलावर गेले.

आम्ही हे अण्णांना तिथेच, ओट्यावर सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आवळायला अक्कल लागत नाही. कुठे थांबायचं ते हाताला कळायला लागतं." एवढंच. आणि चहा मागवला.

इथे एक गोष्ट सांगणं गरजेचं आहे. प्रत्येक वेळी कार्बोरेटर बदलावाच लागतो असं नाही. बऱ्याचदा दोष दुसरीकडे असतो आणि पैसे कार्बोरेटरवर जातात. आधी प्लग बघा, पेट्रोलचा नळ आणि पाइप बघा, एअर फिल्टर बघा. क्रँकच्या दोन बाजूंना ऑइल सील असतात. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअरबॉक्सचं तेल पितं आणि मागून धुराचा लोट निघतो. फ्लायव्हीलच्या बाजूचं गेलं तर हवा आत शिरते आणि रेस आपोआप वाढते, अगदी आमच्या गाडीसारखी. तेव्हा नवा कार्बोरेटर लावूनही गुण येत नाही. कार्बोरेटरमध्येच दोष असेल तरी आधी साफ करावा, नवं पॅकिंग, नवी निडल घालावी. तळ थोडासाच वाकला असेल तर जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, पाणी लावून, गोल गोल घासून सपाट करता येतो. बदलायचा कधी? स्लाइड खाचेत डुगडुगत असेल, आटे गेले असतील, किंवा तळ घासून सरळ होण्यापलीकडे गेला असेल तेव्हा. आमच्यात शेवटची अडचण होती आणि पहिलीही थोडी होती. म्हणून बदलला.

नवा बसवताना काय केलं तेही सांगतो, कुणाला उपयोग होईल.

इंजिनवरचं जुनं पॅकिंग लाकडी पट्टीने खरवडून काढलं, लोखंडी पात्याने नाही. नव्या कार्बोरेटरचा तळ पट्टीने तपासला, कारण नवा म्हणजे सरळ असेलच असं नाही. पालथा धरून पेट्रोलच्या तोंडातून फुंकर मारली. फ्लोटच्या वजनाने निडल बंद होते, तेव्हा हवा जाता कामा नये. सुलटा केला की जायला हवी. मग नवं पॅकिंग, त्यावर कार्बोरेटर, आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे. एकदा हा, एकदा तो. प्रत्येक वेळी स्लाइड वर करून सोडायची, ती टक्कन खाली आली पाहिजे. हे काम अण्णांनी स्वतः केलं. आखूड पाना, आणि तोही मधोमध धरलेला. आम्हाला वाटलं, अजून अर्धा फेरा हवा. त्यांनी पाना बाजूला ठेवला.

तारा जोडताना थोडा ढिलेपणा ठेवावा लागतो. गाडी चालू झाल्यावर हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून बघायचं. रेस बदलली नाही तर तार बरोबर.

ताजं पेट्रोल, लिटरला २० मिली तेल. नळ उघडून दोन मिनिटं थांबलो. कुठे पाझर नाही. चोक ओढून कीक मारली. सातव्या कीकला चालू झाली. समोरच्या गॅलरीतून मासींनी "चालू थई गई!" म्हणून टाळ्या वाजवल्या.

पण काम संपलं नव्हतं. दहा मिनिटं तापवून स्लो लावला. मिश्रणाचा पेच पूर्ण आत घेऊन दीड फेरा बाहेर, मग कानाने थोडं इकडेतिकडे. धाकटा पाच किलोमीटर फिरून आला, प्लग काढला, तर टोक पांढरं फटक. म्हणजे मिश्रण अजून पातळ. प्लगचं टोक चॉकलेटी हवं. काळं आणि ओलं म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरं म्हणजे कमी. ऑइल सील गेलं की काय, म्हणून आमचा जीव खाली गेला. अण्णा म्हणाले, "आधी जेट बघा." जेटवर आकडा कोरलेला असतो. नव्या कार्बोरेटरमधल्या जेटचा आकडा जुन्यापेक्षा लहान निघाला. हल्ली बाजारात असे कार्बोरेटर मिळतात, आणि ते नेमक्या तुमच्या गाडीच्या मापाचे असतीलच असं नाही. मग आम्ही जुने जेट काढले, पेट्रोलने धुतले, फुंकून साफ केले आणि नव्यात बसवले. जेटमध्ये तार किंवा सुई कधीही घालू नये. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि माप कायमचं बिघडतं. नव्या अंगात जुने जेट घालून पुन्हा पाच किलोमीटर. प्लग चॉकलेटी. दुपारचे दोन वाजले होते. आईने सकाळी केलेली साबुदाण्याची खिचडी तोवर दगडासारखी झाली होती. तरी सगळी संपली.

आता राहिला दुसरा प्रश्न. तो पान्याने सुटण्यासारखा नव्हता.

त्या संध्याकाळी आम्ही चौघे बसलो. आठ महिने जे टाळलं ते बोललो. आम्ही म्हणालो, "अण्णा, आम्हाला भीती वाटते." ते म्हणाले, "मलाही वाटते. पुलावर वाटली." आई म्हणाली, "मी मागे बसणार नाही. माझे गुडघे आता त्या सीटचे राहिले नाहीत." हे वाक्य ती कधीची बोलायला थांबली होती, असं आम्हाला वाटलं. अण्णा डोळे तपासून घ्यायला तयार झाले. एका डोळ्यात मोतीबिंदू निघाला. दिवाळीआधी शस्त्रक्रिया झाली. तोवर त्यांनी किल्ली आपणहून खुंटीवर ठेवली. कोणी मागितली नव्हती.

आता ते सकाळी सातच्या आत, एकटे, हेल्मेट घालून भाजीला जातात. पूल ओलांडत नाहीत. हे नियम त्यांनीच घालून घेतले. पंचावन्न वर्षांनंतर लायसन्स दर वेळी पाच वर्षांचंच मिळतं आणि सोबत डॉक्टरचा दाखला लागतो. अण्णांच्या लायसन्सची मुदत पुढच्या वर्षी संपते. गाडीचीही तीच तऱ्हा. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी पुढे न्यावी लागते. आम्हाला हा नियम शहाणपणाचा वाटतो. पाच वर्षांनी माणसालाही विचारावं आणि गाडीलाही, की अजून जमतंय का? लायसन्स पुढे न्यायचं की नाही ते अण्णा ठरवतील. त्यांनी नाही म्हटलं तर आम्ही त्यांना मागे बसवून कमाटीबागेत नेऊ. पण जे ठरेल ते गाडी चालू असताना ठरेल.

मंडळी, आपल्या अनेक घरांच्या पोर्चमध्ये अशी एक गाडी कापडाखाली उभी आहे. २०२० सालापासून नव्या नियमांमुळे बहुतेक नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर गेला आणि त्या जागी संगणकाने चालणारं इंजेक्शन आलं. अजून दहा-पंधरा वर्षांनी पट्टी उजेडाकडे धरून तळ बघणारी माणसं मिळणार नाहीत. सयाजीराव महाराजांनी ज्या गावात १८९० साली कलाभवन काढलं, लेखणीइतकाच हातोडीलाही मान दिला, त्या गावात तरी हे ज्ञान असंच जाऊ नये. म्हणून घरातल्या मुलांना एका रविवारी ओट्यावर बसवा. त्यांचे हात काळे होऊ द्या. आमची पुतणी आता पट्टी धरून तळ तपासू शकते. त्याचं आम्हाला डिप्लोमापेक्षा जास्त कौतुक आहे.

आणि ती गाडी खरंच पार्ट मिळत नाही म्हणून उभी आहे का, हे ज्याने त्याने आपापल्या कपाटात बघावं.

जुना कार्बोरेटर आम्ही फेकला नाही. तो देवघराखालच्या खणात, पाने-डिसमिसच्या पेटीत आहे. पुन्हा कधी काही पाझरायला लागलं आणि हात पान्याकडे गेला, की आधी तो बाहेर काढून तळ उजेडाकडे धरायचा, असं आम्ही ठरवलं आहे.

 भाषणानंतर ज्यांना आपल्या गाडीबद्दल विचारायचं असेल त्यांनी बाहेर यावं. अण्णा आले आहेत. चेतक बाहेरच लावली आहे. चालवत आम्ही आणली, मागे ते बसले होते, आणि काळ्या घोड्यापर्यंत आम्हाला गिअर कधी बदलायचा ते सांगत होते.

गणपती बाप्पा मोरया!